घरी वाचून घ्या

(दहावी १९९३-९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४, सोनपेठ येथे केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख 'परभणीहून आलेल्या आपल्या सिस्टर' अशी करून दिली. मी नर्स आहे, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. पण हे सूत्रसंचालक तीन वर्षं माझ्या मागच्याच बाकावर बसत होते. त्या तीन वर्षांत ते माझ्याशी एकच वाक्य बोलले, "पट्टी आहे का?" तेही माझ्याकडे न बघता, फळ्याकडे बघून. तीस वर्षांनी दुसरं वाक्य बोलले, तेही माईकवरून, आणि त्यात मला सिस्टर करून टाकलं!

मला विषय दिलाय 'चाळिशी पार केल्यानंतरच्या गमतीजमती'. हलकंफुलकं बोला, असं समितीने दोनदा फोन करून बजावलंय. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा म्हणाले, "दवाखान्याचं जास्त नको." मी म्हटलं, आपल्या वयाच्या माणसांच्या गमती दुसरीकडे घडतात कुठे? बघते, जमेल तितकं हलकं ठेवते.

सुरुवात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपासून करू. ग्रुप काढला तेव्हा त्यात फक्त मुलगे होते. दोन दिवसांत तीसेक जण सापडले. त्या दोन दिवसांत तिथे कोणत्या भाषेत संवाद चालला होता ते मी सांगणार नाही, सर समोर बसलेत. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की वर्गात मुलीही होत्या. एका रात्री अ‍ॅडमिनने पहिल्या चार मुली घेतल्या. त्या चारांत मी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुप उघडला तर सगळीकडे गुलाबाची फुलं, समईचे फोटो आणि 'सर्व ताईंना शुभ सकाळ'. काल रात्रीपर्यंत एकमेकांच्या सात पिढ्यांची आठवण काढणारे हेच का ते, असा प्रश्न पडावा!

आणि मुली शोधायला किती दिवस लागले? आठ महिने. शाळेच्या रजिस्टरमध्ये माहेरची नावं. त्यानंतर आडनाव बदललं, काहींचं तर नावही बदललं, फोनचं सिम नवऱ्याच्या नावावर. मग मंडळी माहेरच्या गावी जायची, भावाला विचारायची, भाऊ आधी संशयाने बघायचा. नंबर मिळाला तर फोन नवरा उचलायचा. "कोण बोलताय? काय काम आहे?" आता 'मी त्यांचा वर्गमित्र बोलतोय' असं म्हणायची आपल्या भागात कोणाची छाती आहे? शेवटी समितीतल्या एकाने आपल्या बायकोला कामाला लावलं. "वहिनी, मी अमुकची मैत्रीण बोलते," असं म्हणून या बाईंनी आपल्या वर्गातल्या निम्म्या मुली शोधून काढल्या. त्या आपल्या शाळेत शिकलेल्या नाहीत, पण आज सत्कार कोणाचा करायचा तर त्यांचा करा.

मग प्रश्न आला बोलायचं कसं. अरे-तुरे करावं तर शाळेत कधी केलं नाही. अहो-जाहो करावं तर एका वर्गात शिकलेलो. आमच्यातली एक मैत्रीण यावर फार छान उपाय करते. ती क्रियापदच गिळते. "मग, कसं काय, बरं सगळं?" यात तूही नाही आणि तुम्हीही नाही. आज सकाळपासून मी बघतेय, सगळ्या मंडपात हेच चाललंय.

वयाचं म्हणाल तर आपलं वय नेमकं किती हे आपल्यापैकी निम्म्यांना माहीत नाही. हसू नका. दर वर्षी १ जूनला आपल्या ग्रुपवर काय होतं? सकाळी सहापासून केक सुरू होतात. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस त्याच दिवशी! कारण आईने नाही, हेडमास्तरांनी आपल्याला जन्म दिला. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, वयाची अट असायची, बाप पोराला हाताला धरून शाळेत आणायचा. जन्मतारीख विचारली की म्हणायचा, "लिवा की सर तुमच्या मनानं." सरांनी लिहिली १ जून १९७८. माझ्या आईला मी एकदा खरी तारीख विचारली. ती म्हणाली, "पोळ्याच्या आधी चार दिवस. त्या साली पाऊस बरा होता." एवढ्यावर पत्रिका कोण मांडणार?

पण सरकार ही तारीख फार मनावर घेतं. नियम असा आहे की महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे राज्यात दर वर्षी ३१ मेला कचेऱ्यांमधून आणि शाळांमधून नारळ, शाल, टोपीची रांग लागते. आपल्यातले जे सरकारी नोकरीत अठ्ठावन्नला निवृत्त होणारे आहेत, त्यांनी ३१ मे २०३६ ही तारीख लिहून ठेवा. आणि व्यासपीठावरच्या सरांना विचारून बघा, त्यांच्यातले किती जण ३१ मेलाच निवृत्त झाले. म्हणजे त्यांनाही कोण्या सरांनीच जन्माला घातलं होतं.

बरं, कागदावर सगळे सेहेचाळीस वर्षांचे. पण तसे आपण एका वयाचे राहिलोय का? तिसऱ्या रांगेत बसलेल्या आपल्या एका मैत्रिणीचं लग्न दहावीच्या निकालाआधी झालं. ती आज दोन नातवंडांची आजी आहे. थोरला नातू तिच्यासोबत आलाय, मगाशी मंडपाच्या दोऱ्या सोडत होता तोच. तिच्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीने शिक्षण पूर्ण केलं, नोकरी धरली, लग्न उशिरा केलं. तिची मुलगी पहिलीत आहे. एक नातवाची मुंज कधी करायची विचारते, दुसरी पालकसभेला जाते. दोघी सातवी ते दहावी एका बाकावर होत्या. मुलांकडे बघावं तर एकाने परवा बारशाचे पेढे दिले. अभिनंदन, बाबा. गुडघे सांभाळ.

आपल्या धर्मशास्त्रात वानप्रस्थ कधी घ्यावा त्याची खूण मनुस्मृतीत दिली आहे. अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पांढरे झाले आणि नातवंड झालं, की गृहस्थाने वनाकडे निघावं. त्या हिशोबाने आपली वरची मैत्रीण केव्हाच पात्र झाली. मी तिला म्हटलं, जातेस का वनात? ती म्हणाली, "मायबाई, वनात गेले तर नातू कोण सांभाळंल? सुनेला ड्युटी आहे."

आता डोळे. आपल्या मराठीचं मला कौतुक वाटतं. चाळिशी म्हणजे वयही आणि चष्माही. दुसरं नाव ठेवायची गरजच भाषेला वाटली नाही. आज सकाळी नावनोंदणीच्या टेबलावर मी दहा मिनिटं उभी राहून मजा बघितली. फॉर्म हातात घेतला की प्रत्येक जण आधी हात लांब करतो, मग मान मागे नेतो, कोंबड्यासारखी, मग म्हणतो, "अक्षर फार बारीक छापलंय हो." अक्षर बारीक नाही. डोळ्यात एक भिंग असतं, लहानपणी ते मऊ असतं, जवळचं बघताना फुगतं. वयाबरोबर ते शिळ्या भाकरीसारखं कडक होत जातं आणि फुगायचं थांबतं. हे सगळ्यांना होतं, कोणाला बेचाळीसला, कोणाला पंचेचाळीसला. त्यावर इलाज हात लांब करणं हा नाही, हात कुठवर वाढणार? एकाने खिशातून चष्मा काढला, इकडेतिकडे बघितलं, आमच्या वर्गातल्या मुली लांब आहेत याची खात्री केली, दोन ओळी भरल्या आणि चष्मा परत खिशात. अरे, आम्ही सगळ्या जणी पर्समध्ये तोच चष्मा घेऊन फिरतोय!

आठवणीचंही तसंच. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कोणालाही विचारा. आपण दहावीत होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली, भांडी खाली आली, सगळं गाव रस्त्यावर. रेडिओवर किल्लारीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. कोण कोणाच्या ओट्यावर बसलं होतं, कोणाच्या म्हशीने दावं तोडलं, सगळं लख्ख आठवतं. आणि काल रात्री बीपीची गोळी घेतली की नाही? ते मात्र आठवत नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी एक दुःखाची बातमी. आपण वयात आलो तेव्हा संघातले सगळे आपल्यापेक्षा मोठे होते. मग झहीर खान आणि वीरेंद्र सेहवाग आले. दोघांचा जन्म ऑक्टोबर १९७८ चा, म्हणजे आपलेच वर्गमित्र म्हणा. झहीर तर श्रीरामपूरचा. दोघांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एकाच आठवड्यात निवृत्ती जाहीर केली, सदतिसाव्या वर्षी. माझा नवरा त्या दिवशी टीव्हीसमोर गप्प बसून होता. मी विचारलं तर म्हणाला, "हे रिटायर झाले आणि आपला घराचा हप्ता अजून सोळा वर्षं आहे."

भाकरीबद्दल बोलल्याशिवाय परभणी जिल्ह्यातलं भाषण पूर्ण होत नाही. शाळेत डबा उघडताना आपण काय करायचो? ज्याच्या डब्यात पोळी तो मधोमध बसायचा. ज्याच्या फडक्यात भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा, तो भिंतीकडे तोंड करून. गव्हाची पोळी म्हणजे सणाची गोष्ट. आज उलटं झालंय. पोळीवाले गोळी घेतात आणि डॉक्टर सांगतात भाकरी खा. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने जास्त लोह आणि जस्त असलेलं 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण २०१८ मध्ये आणलं. म्हणजे ज्या भाकरीची आपल्याला लाज वाटायची, ती आता शहरात हॉटेलात मेनूकार्डावर छापून येते. जगात जर्मनी, देशात परभणी, ते यासाठीच. मात्र एक सांगून ठेवते, मला रोज भेटणारी मंडळी म्हणतात, "सिस्टर, मी भाकरीच खातो, तरी शुगर चारशे." किती खाता? "चार." वर भात. ज्वारी बरी आहे म्हणून ती औषध होत नाही. तीही पिष्टच आहे.

पोटाचं मोजमापही सांगते. आपल्या लोकांसाठी पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर, त्यापुढे धोका सुरू. म्हणजे साधारण पस्तीस इंच आणि साडेएकतीस इंच. इथले काही जण म्हणतील, माझी पॅन्ट चौतीसचीच आहे. हो, कारण ती पोटाच्या खाली घातली आहे. टेप बेंबीच्या रेषेत धरायचा. आणि श्वास आत ओढायचा नाही.

मगाशी सत्कार झाला तो सगळ्यांनी पाहिला. आपले गणिताचे सर पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. ते कठड्याला हात न लावता या पायऱ्या चढले. त्यांच्या मागून हार, शाल, नारळ घेऊन आपले तिघे चढले. वर आल्यावर पहिला दोन मिनिटं बोलूच शकला नाही, सगळ्यांना वाटलं गहिवरून आलंय. मला वाटत नाही. सर आयुष्यभर सायकलवर शाळेत आले, आणि आपण सरांच्याच गल्लीत दूध आणायला मोटारसायकल काढतो.

आता जरा वेगळं बोलते. समितीला कबूल केलं होतं त्यापेक्षा थोडं वेगळं.

दहावीला शास्त्राच्या पुस्तकात प्रजननाचा धडा होता, आठवतो? सरांनी आदला धडा संपवला, खडू ठेवला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "पुढचा धडा सोपा आहे. घरी वाचून घ्या." वर्गात इतकी शांतता कधी झाली नव्हती. आम्ही मुली वहीत काहीतरी लिहू लागलो, काय लिहिलं देव जाणे. मुलांच्या पुस्तकात पुढे तेच पान सगळ्यात मळलेलं सापडायचं. आमच्या पुस्तकात ते पान कोरं करकरीत राहिलं, कारण घरी ते उघडं दिसलं असतं तर शाळाच बंद झाली असती. ते सर आज इथे समोर बसलेत आणि हसताहेत. सर, तुमची तक्रार नाही. तुमच्या वेळी तुम्हालाही तो घरीच वाचायला सांगितला असणार. पण तीस वर्षं झाली, आमचा तो धडा राहूनच गेलाय, आणि आता त्याच धड्यावरचे प्रश्न येताहेत.

आमच्यातल्या बऱ्याच जणींची पाळी आता जायच्या बेतात आहे. आपल्या देशात ती सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते. त्याआधी दोन-चार वर्षं शरीर गोंधळ घालतं. डिसेंबरची थंडी, नवरा दोन गोधड्यांत, आणि बाई उठून पंखा पाचवर करते. अंगातून एकदम वाफा निघतात, घाम सुटतो, छाती धडधडते, झोप उडते, क्षुल्लक गोष्टीवर रडू येतं. घरात कोणाला कळत नाही. नवऱ्याला वाटतं माहेरचं काही बिनसलं. सासूबाई म्हणतात अंगात आलंय. परवा एक जण बायकोला घेऊन मांत्रिकाकडे जाऊन आला आणि मग आमच्याकडे. हे मी माईकवरून सांगतेय ते एवढ्यासाठी, की इथले निम्मे श्रोते कोणाचे तरी नवरे आहेत. तिला वेड लागलेलं नाही. पंखा लावू द्या, तुम्ही तिसरी गोधडी घ्या.

आणि मैत्रिणींनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर कधीही, एक थेंब जरी लाल दिसला, तरी 'उष्णतेने झालं असेल' म्हणून घरी बसायचं नाही. त्याच आठवड्यात दाखवायचं.

दुसरं, पिशवी. आपल्या भागात हा शब्द बायका किती सहज बोलतात! "माझी पिशवी काढली." जशी दुकानातून पिशवी आणली. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारने ऊसतोड बायकांची पाहणी केली होती. ब्याऐंशी हजारांहून अधिक बायकांत तेरा हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यात अगदी तरुण बायका होत्या. पांढरं जातं, पोट दुखतं, पाळीत उसाच्या फडात खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो, मग 'काढून टाका म्हणजे कटकट गेली'. कधीकधी ती शस्त्रक्रिया खरंच गरजेची असते, मी नाही म्हणत नाही. पण किती वेळा ती नुसत्या भीतीपोटी होते, 'कॅन्सर होईल' एवढ्या एका वाक्यावर! पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर पस्तिशीतच बाई पन्नाशीची होते. हाडं ठिसूळ, कंबर धरलेली, हृदयाला धोका. काल रात्री मुक्कामाला आमच्यातल्या सात-आठ जणी एका खोलीत झोपलो होतो. झोपलो कसल्या, दोन वाजेपर्यंत बोलत होतो. त्यात तिघींनी सांगितलं की त्यांची काढली आहे. एकीची एकतिसाव्या वर्षी. मी विचारलं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं होतं? ती म्हणाली, "कोणाला विचारू? बोलायचं कसं?" शाळेत तिचा शास्त्रात पहिला नंबर होता.

मुलांनी गालात हसू नये, तुमचाही धडा राहिलाय. तुमची तऱ्हा वेगळी. तुम्हाला काही विचारलं की उत्तर एकच, "बरंय." सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात चार हजारांच्या आसपास, कसं चाललंय? बरंय. बापाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, पोरगा लातूरला नीटच्या क्लासला, दोन्हीचे पैसे एकाच महिन्यात. बरंय. पाय जड पडतात, रात्री चार वेळा उठावं लागतं, जखम भरत नाही. बरंय. २०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. देशात मधुमेहाची माणसं १० कोटींच्या वर. आणि त्याच्या उंबरठ्यावर उभी असलेली त्याहून जास्त, साडेतेरा कोटींच्या वर. यातल्या कितीतरी जणांना विचारलं तर म्हणतील बरंय.

उपाशीपोटी साखर १०० च्या आत हवी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. दोनदा तपासून १२६ किंवा वर आली तर तो मधुमेह, मग तुम्हाला काही वाटत असो वा नसो. बीपीचं तर त्याहून वाईट, ते वाटतच नाही. आज सकाळी सरांनी आपलं जुनं हजेरीपट काढून हजेरी घेतली. किती हसलो आपण, 'हजर' म्हणताना आवाज फाटला तेव्हा. आणि मग काही नावांनंतर कोणी बोललं नाही. सरांनी थोडं थांबून पुढचं नाव घेतलं. त्यातला एक आपला मित्र गेल्या पावसाळ्यापर्यंत ग्रुपवर रोज सकाळी विनोद टाकायचा. त्याला बीपीची गोळी सुरू झाली होती. दोन महिने घेतली, बरं वाटलं, म्हणून सोडली. ही गोळी बरं वाटलं की सोडायची नसते, बरं वाटतंय ते गोळीमुळे. त्याच्या घरचे आज इथे आलेत. वहिनींनी मला सकाळी सांगितलं, हे सगळ्यांना सांगा, म्हणून सांगतेय.

तिसरी गोष्ट तोंडाची. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तरी आज मंडपामागे कोणत्या रंगाच्या पुड्या पडल्यात ते मी पाहिलंय. आत्ता, बसल्या जागी, सगळ्यांनी आपली तीन बोटं जोडून उभी तोंडात घालून बघा. लाजू नका, सर, तुम्हीही. ज्याची तीन बोटं जात नाहीत, तिखट लागलं की ज्याचं तोंड भगभगतं, त्याने दाताच्या डॉक्टरला दाखवायचं आहे. पुडी तर आजच बंद. छान. सगळा वर्ग तोंडात बोटं घालून बसलेला मी बालवाडीनंतर पहिल्यांदा बघतेय. फोटोग्राफर, हा फोटो स्मरणिकेत घ्या.

या तपासण्यांना पैसे लागतात असं समजू नका. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी, साखर, तोंडाचा, स्तनाचा आणि बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात. तेव्हा त्यांना "बाई घरात नाही" असं स्वयंपाकघरातून सांगू नका.

मला या वयाची एक गोष्ट मनापासून आवडते. शाळेत आपण एकमेकांशी बोलत नव्हतो, कारण कोणी बघेल. तिशीत बोलत नव्हतो, कारण घरचे काय म्हणतील. आता केस पांढरे झाले, जावई आले, आता कोणी बघत नाही हो! काल रात्री आपल्या ग्रुपवर आपल्या एका मित्राने लिहिलं, "माझ्या बायकोला पण असंच होतंय, रात्री घाम येतो, कोणाला दाखवू?" तीस वर्षांपूर्वी पट्टी मागताना फळ्याकडे बघणारा वर्ग हाच. त्या संदेशाखाली पाच मैत्रिणींनी उत्तरं दिली. त्यातल्या एकीने तर त्याला सरळ 'अरे' म्हटलं.

माझा वेळ संपला, सूत्रसंचालक घड्याळ दाखवताहेत. एक सूचना राहिली. मंडपाच्या मागे, पाण्याच्या जारशेजारी एक टेबल मांडलंय. आपल्या वर्गातल्या मेडिकलवाल्या मित्राने साखर तपासायचं यंत्र आणि पट्ट्या दिल्यात, बीपीचं यंत्र मी आणलंय. सकाळी पोहे आणि चहा झालाय, त्यामुळे इथला आकडा उपाशीपोटीचा नसेल. १४० च्या पुढे आला तर घाबरायचं नाही, या आठवड्यात उपाशीपोटी पुन्हा तपासायचं. २०० च्या पुढे आला तर उद्याच डॉक्टरांकडे. आकडा कागदावर लिहून तुमच्याच हातात देईन, ग्रुपवर टाकणार नाही. पाच मिनिटं बसल्यावर बीपी घ्यायचं, पळत येऊन हात पुढे करायचा नाही. जेवणात गुलाबजाम आहेत, मला वासावरून कळलंय. आधी टेबल, मग पंगत. सर आणि बाई, तुमच्यापासून सुरुवात करू. मुलींची रांग डावीकडे, मुलांची उजवीकडे... नाही, राहू द्या. एकच रांग करा.